पाचव्या पायरीचा शेरा

कमलाताईंनी वीस बाजूंचा फासा मुठीत घेतला, पण टाकला नाही.

टेबलावर पसरलेल्या कागदी नकाशात एक खोल घळ काढलेली होती. घळीच्या काठावर त्यांची काळी सोंगटी उभी होती. भागोजीरावांची हिरवी सोंगटी मात्र एका दोऱ्याला बांधून टेबलाच्या कडेवरून खाली सोडलेली होती आणि पंख्याच्या वाऱ्यानं हळूहळू स्वतःभोवती फिरत होती. दोरा सावनीनं हौसेनं घरून आणला होता. त्याचं दुसरं टोक कमलाताईंच्या बोटांत होतं.

“मैना, दोर तुझ्या हातात आहे,” सावनी म्हणाली. खेळ सुरू झाला की ती सगळ्यांना त्यांच्या पात्राच्या नावानं हाक मारायची आणि तीही एकेरीत. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांना त्याची भारी मजा वाटायची. “वैदू खाली लोंबकळतोय. बारा किंवा वर पडलं तर तू त्याला ओढून घेशील. कमी पडलं तर दोर निसटेल. आणि तू चोर आहेस, तेव्हा मनात आलं तर नुसताच सोडूनही देऊ शकतेस.”

“सोडू नका हां, कमलाबाई,” भागोजीराव हसत म्हणाले. “म्हातारा हलका हाय, ओझं व्हायचं नाय.”

“सोड गो, सोड,” विमलाताई म्हणाल्या. “मागच्या बुधवारी माझ्या जखमेवर पाला लावताना केवढा भाव खाल्लान त्यानं.”

सगळे हसले. कमलाताई हसल्या नाहीत. दोऱ्याचं टोक त्यांनी तर्जनीला एकदा गुंडाळलं, मग आणखी एकदा. सोडला तर हिरवी सोंगटी फरशीवर पडून टक्कन आवाज होईल. वैदू नदीत जाईल, सावनी भागोजीरावांना नवा कोरा कागद देईल आणि पुढच्या बुधवारी ते नव्या नावानं पुन्हा समोर येऊन बसतील. ते काही पडणं नव्हे. माणसाला आधी वर येऊ द्यावं लागतं. हात टेकेल इतक्या जवळ त्याला दार दिसावं लागतं. आणि मग.

त्यांनी फासा टाकला. सोळा.

“ओढलं,” त्या म्हणाल्या.

“बघा,” भागोजीरावांनी हिरवी सोंगटी उचलून नकाशावर ठेवली आणि तिच्या डोक्यावरची नसलेली धूळ झटकली. “कचेरीतलं माणूस शेवटी कचेरीतल्या माणसाला सोडीत नाय.”

या खेळात कमलाताईंना जानेवारीत विमलाताईंनी ओढून आणलं होतं. विमलाताई त्यांच्या शेजारीण, निवृत्त नर्स. गुडघे धरून घरात बसलीस तर डोकंही धरेल, असं म्हणून त्या दर बुधवारी दुपारी त्यांना रिक्षात घालायच्या. एका शाळेनं आपली मागच्या बाजूची रिकामी खोली ज्येष्ठांच्या कट्ट्याला दिली होती. सावनी पुण्याच्या कंपनीचं काम रत्नागिरीतल्या घरून करायची आणि बुधवारचे दोन तास काढून हा खेळ चालवायची. गोष्ट तिचीच, राज्यं तिची, राक्षस तिचे. त्यात वागायचं मात्र बाकीच्यांनी.

पहिल्या दिवशी तिनं प्रत्येकापुढे एक छापील कागद ठेवला. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: पात्र. कमलाताईंची नजर त्या शब्दावर जरा जास्तच थांबली.

“तुमच्या पात्राचा वर्ग कुठला, ताई?” सावनीनं पेन्सिल सरसावत विचारलं.

“वर्ग तीन,” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

दारातून खदखदून हसण्याचा आवाज आला. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी, कानावर पांढरे केस. माणूस आटला होता, पण हसू तेच होतं.

“कमलाबाई! म्हटलं हा आवाज आपल्या कचेरीतला.”

विमलाताईंनी जागा करून दिली आणि भागोजीराव नेमके कमलाताईंच्या समोर बसले. कमलाताईंनी नमस्कार केला. पूर्वी त्या त्यांना साहेब म्हणत. त्या दिवसापासून पुढचे चार महिने त्यांनी त्यांना कुठल्याच नावानं हाक मारली नाही.

सावनीनं समजावून सांगितलं, की खेळातला वर्ग म्हणजे पेशा. योद्धा मार देतो आणि मार खातो. मांत्रिक अंगानं कच्चा, पण शब्दानं कडा फोडतो. वैदू जखमा भरतो. चोर दबकत जातो, कुलपं उघडतो आणि पाठीमागून वार करतो. सगळे पहिल्या पायरीवर सुरू होतात. जसं काम, तशी पायरी चढते, आणि दर पायरीला नवी ताकद हाती येते.

“पायरी म्हटलं की मला रसाची वाटी दिसते,” उन्मेष म्हणाले. ते आंब्याचे बागायतदार, बासष्ट वर्षांचे, म्हणजे कट्ट्यावरचं पोर. त्यांनी मांत्रिक घेतला. जन्मभर दुसऱ्यांच्या जखमा बांधल्या, आता चार करून बघते, असं म्हणून विमलाताईंनी योद्धा घेतला. भागोजीरावांनी वैदू घेतला.

“आणि ताई, तुम्ही?”

कमलाताईंनी पदर खांद्यावर सारखा केला. “पाठीमागून वार करणारा कोण म्हणालीस?”

भागोजीराव कचेरीत लागले ते शिपाई म्हणून. राजापूरच्याही पलीकडे, जिल्ह्याच्या हद्दीला टेकलेल्या गावातला शेतकऱ्याचा मुलगा. खात्याच्या परीक्षा एकेक करत तो अधीक्षकाच्या खुर्चीपर्यंत आला. कमलाताई दत्तात्रेयमास्तरांच्या कन्या. ऱ्हस्वदीर्घाची चूक त्यांना भातातल्या खड्यासारखी दाताखाली यायची. साहेबांचे मसुदे पक्के करायला त्यांच्याच टेबलावर येत, आणि त्या प्रत्येक चुकीला लाल शाईनं गोल करून कागद परत पाठवत. कधी कधी एका पानावर वीस गोल. साहेब कधी रागावले नाहीत. निमूट दुरुस्त करून पुन्हा पाठवायचे. त्या निमूटपणाचा अर्थ कमलाताईंना एक्क्याण्णव साली कळला.

त्या वर्षी मुख्य लिपिकाची जागा रिकामी झाली. ज्येष्ठता यादीत पहिलं नाव त्यांचं होतं. मार्चअखेर साहेबांनी सगळ्यांचे गोपनीय अहवाल लिहून घाटावर, वरच्या कचेरीत धाडले, आणि एप्रिलमध्ये त्यांची मंडणगडला बदली झाली. निरोपाच्या दिवशी गळ्यात हार तसाच ठेवून ते कमलाताईंच्या टेबलाशी आले होते.

“कमलाबाई, तुमचं काम झालं म्हणून समजा.”

जूनमध्ये घाटावरून लखोटा आला. आवक टपाल कमलाताईंच्याच टेबलावर यायचं, त्यामुळे तो त्यांनीच पट्टीनं उघडला. ‘गोपनीय अहवालात काम बरे इतकाच शेरा असल्याने सदर कर्मचारी बढतीस पात्र नाही.’ खाली एक न लागणारी सही.

बरे. वडिलांनी चाळीस वर्षं मुलांची प्रगतिपुस्तकं भरली होती. उत्तम, त्याखाली चांगले, त्याखाली बरे. ज्या पोराला नापास करायला मन होत नसे, त्याला ते बरे लिहायचे, हे कमलाताईंनी लहानपणापासून त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं होतं. मास्तर त्या जूनमध्ये अंथरुणाला खिळलेले होते. अर्धं अंग गेलेलं, पण कान शाबूत.

“काय शेरा दिलान गो तुझ्या साहेबानं?”

“उत्तम.”

“मग बढती?”

“होईल. पावसानं जोर धरायच्या आधी होईल.”

मास्तर श्रावणात गेले. अखेरपर्यंत, कुणी भेटायला आलं की ते वाकड्या झालेल्या ओठांनी सांगायचे, आमची कमल मुख्य लिपिक होतेय. ती जागा घाटावरच्या कुणाला मिळाली. कमलाताई आणखी अठरा वर्षं त्याच टेबलाशी बसल्या आणि त्याच टेबलावरून निवृत्त झाल्या. तुमचं काम झालं म्हणून समजा. भाजी निवडताना, देवाची भांडी घासताना, आरशात कुंकू लावताना ते वाक्य कानात यायचं, आणि प्रत्येक वेळी त्यातलं हसू थोडं अधिक कुत्सित झालेलं असायचं.

आता ते हसू दर बुधवारी समोर होतं.

फेब्रुवारीत पायरीवरून भांडण झालं. राक्षस मारला विमलाताईंनी आणि पायरी चढले उन्मेष, यावरून दोघं आठवडाभर बोलत नव्हते. सावनी काकुळतीला आली.

“मी सांगू का?” भागोजीराव म्हणाले. “गुण नको. शेरा ठेव. एकानं दुसऱ्याच्या कामाचा शेरा लिहायचा, चिठ्ठी घडी करून तुझ्याकडे द्यायची. आमच्या कचेरीत तसंच असायचं. काय, कमलाबाई?”

कमलाताईंच्या हातातली सुपारी अडकित्त्यात कचकन फुटली.

“हो,” त्या म्हणाल्या. “तसंच असायचं.”

सावनीला ते फारच आवडलं. चिठ्ठ्या टाकून कुणी कुणाचा शेरा लिहायचा ते ठरायचं. शेरा चांगला किंवा त्याच्या वरचा असेल तर पायरी. नाहीतर आहे तिथंच. एवढ्या वर्षांत त्यांनी मनातल्या मनात बरंच काही केलं होतं, पण स्वतः भागोजीच येऊन लेखणी हातात देईल, असं कधी सुचलं नव्हतं.

त्यांनी घाई केली नाही. दुसऱ्या पायरीला त्यांच्या वाट्याला विमलाताई आल्या, तिसऱ्या-चौथ्याला उन्मेष. त्यांनी दोघांनाही उत्तम लिहिलं. वैदूला राक्षसाच्या तावडीतून त्यांनी दोनदा सोडवलं, घळीतून एकदा वर ओढलं. विमलाताई म्हणाल्या, “तुझा भारीच जीव दिसतो वैदूवर.” कमलाताई म्हणाल्या, “पडायला नको मधेच.”

एकदा खाऊची पाळी त्यांची होती. त्यांनी नारळाच्या वड्या नेल्या. केशर घालून, काठ सुरीनं सरळ कापून. भागोजीरावांनी एक तोंडात टाकली, डोळे मिटले आणि बराच वेळ चघळली.

“बऱ्या झाल्यात,” ते म्हणाले.

तोच शब्द. चौतीस वर्षांनी, तोंडावर. भागोजीरावांनी आणखी दोन खाल्ल्या, आणि निघताना दोन रुमालात बांधल्या.

“तोंडातून चांगला शब्द निघायला दात पडतात मेल्याचे,” रिक्षात त्या म्हणाल्या. “आणि हात बघ कसा चालतो.”

“खाऊ दे गो. घरी करणारं कोण आहे त्याला,” विमलाताई म्हणाल्या.

त्याचा अर्थ मार्चमध्ये कळला. गोष्टीत एक होडीवाली आली, सगळ्यांना खाडीपार नेणारी. नाव काय ठेवायचं, असं सावनीनं विचारताच भागोजीराव चटकन म्हणाले, “सखू.” ते तिच्याशी फार बोलायचे. जेवलीस काय, पायाला काय लागलं, असलं काहीतरी, खेळाशी संबंध नसलेलं. सावनीही होडीवालीच्या आवाजात उत्तरं द्यायची. दोन आठवड्यांनी पाण्यातल्या राक्षसानं होडी उलटवली. सखूनं चौघांना काठाला लावलं आणि ती स्वतः बुडाली. भागोजीराव फासा हातात धरून नुसते बसून राहिले.

“काका, अजून संपलं नाही,” सावनी घाईनं म्हणाली. “वैदूला पाचव्या पायरीला जीवदान येतं. एकदाच वापरता येतं. देह गुहेतल्या बर्फात ठेवू या. पण अमावास्येपर्यंतच टिकेल. म्हणजे मेच्या दुसऱ्या बुधवारी पायरी मिळाली तर मिळाली.”

“पाचव्याला?” भागोजीरावांनी विचारलं. “नक्की पाचव्याला ना?” त्यांनी आपल्या कागदावर पाचचा आकडा काढला आणि त्याभोवती चौकट केली.

“सखू त्याच्या बायकोचं नाव,” परतताना विमलाताईंनी सांगितलं. “दोन वर्षं झाली. हा मुंबईला लेकाकडे गेलेला, इकडे ती विहिरीवर चक्कर येऊन पडली. गाडी मिळून पोचेपर्यंत सगळं आटपलेलं. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.”

कमलाताई रिक्षाच्या दांडीला धरून बाहेर बघत राहिल्या. लाल चिऱ्यांची एक भिंत गेली, दुसरी गेली. मास्तरांचे वाकडे ओठ त्यांच्या डोळ्यांपुढे आले.

“मेच्या दुसऱ्या बुधवारी, नाही का?” त्या म्हणाल्या.

मेच्या दुसऱ्या बुधवारी खोलीत पायरी आंब्यांचा वास भरून राहिला होता. उन्मेषांनी करंडी आणली होती. पाचव्या पायरीला पायरीच पाहिजे, हा विनोद ते महिनाभर सांभाळून होते. भागोजीराव दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. हनुवटीवर कापल्याचा बारीक डाग होता.

सावनीनं चिठ्ठ्यांचा डबा फिरवला. कमलाताईंनी आपली चिठ्ठी उघडली: उन्मेष. त्यांनी शेजारच्या चिठ्ठीवर नजर टाकली. विमलाताईंच्या हातात वैदू होता. टेबलाखालून त्यांनी विमलाताईंच्या मांडीवर बोट टोचलं.

“दे.”

“काय चाललंय तुझं?” विमलाताई कुजबुजल्या.

“चोर आहे मी. दे गो.”

विमलाताईंनी डोळे फिरवले आणि चिठ्ठी बदलून दिली.

कमलाताईंनी पर्समधून शाईचं पेन काढलं. आज सकाळीच त्यांनी ते धुऊन भरलं होतं. कोरा कागद सरळ धरला, समास सोडला आणि वळणदार, मास्तरांनी घटवलेल्या अक्षरात लिहिलं: काम बरे. पुढे पूर्णविराम. एक क्षण त्या शब्दांकडे त्यांनी पाहिलं. जास्त काही नको होतं. त्यालाही जास्त काही लागलं नव्हतं. घडी करून त्यांनी चिठ्ठी सावनीच्या हातात दिली आणि हात मांडीवर ठेवून भागोजीरावांच्या चेहऱ्याकडे बघत बसल्या. त्यासाठीच त्या आल्या होत्या.

सावनीनं विमलाताईंना पायरी दिली. उन्मेषांना दिली. मैनेला भागोजीरावांनी शेरा लिहिला होता. तो वाचून सावनी हसली आणि तिनं मैनेलाही पायरी दिली. मग तिनं शेवटची चिठ्ठी उघडली. तिचं हसू विरलं.

“ताई, एवढंच?”

“एवढंच.”

“पण हे…” ती चिठ्ठी पुढेमागे करू लागली. “म्हणजे, ठीकठाक असंच ना? चांगल्याच्या खालचं. मग नियमानं मला पायरी देता येणार नाही. काकांची आजची शेवटची संधी आहे, ताई.”

“नियम त्यांनीच सुचवला होता,” कमलाताई म्हणाल्या.

पंखा फिरत होता. उन्मेष आंब्याच्या देठाशी खेळत होते. विमलाताईंनी कमलाताईंकडे असं पाहिलं, की इतर कुठल्याही दिवशी त्यांनी मान खाली घातली असती.

“काय लिहिलान ते बघू तरी,” भागोजीराव म्हणाले.

त्यांनी चिठ्ठी घेतली, लांब धरली, मग चष्मा लावून जवळ घेतली. वाचली. पुन्हा वाचली. कमलाताई पुढे झुकल्या. भागोजीरावांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावला.

“कमलाबाई,” ते म्हणाले. “एवढं लिहायला नको होतं हो.”

“एवढं म्हणजे?” विमलाताई म्हणाल्या. “दोन शब्द तर आहेत.”

“दोनच लागतात.” ते सावनीकडे वळले. “काय म्हणालीस, ठीकठाक? अगो पोरी, आमच्याकडं याच्यावर शब्द नाय. उत्तम, छान, हे पाव्हण्यांपुढं बोलायचं. भात मनासारखं आलं की बापूस शेताच्या मेरेवर उभा रवून एवढंच म्हणायचा, बरां आलाय. आवस माझी, तिनं जन्मात मला दोनदा म्हटलान, बरां केलंस. एकदा शिपायाची नोकरी लागली तेव्हा. आणि एकदा सखूला घरात आणली तेव्हा.”

कमलाताईंचा हात पेनाकडे गेला आणि तिथंच राहिला.

“मी पण वीस वर्षं शेरे लिहिले,” भागोजीराव सांगत होते. “सगळ्यांना उत्तम, समाधानकारक. ते छापील. मनापासनं असा एकच लिहिला. गोपनीय असायचं म्हणून कधी बोललो नाय, पण आता कसलं गोपनीय. तुमचा लिहिला, कमलाबाई. मंडणगडला जायच्या आधी.” ते हसले. “आधी लिहिलं होतं, काम बरां. मग म्हटलं, बाई बघतील तर लाल गोल करतील. म्हणून अनुस्वार काढला, काना खोडला, मात्रा दिली. शुद्ध केलं. तुम्हीच शिकवलेलं.”

टेबलाच्या कडेवर मागच्या महिन्यातला दोरा अजून चिकटपट्टीनं लावलेला होता, रिकामा. कमलाताई त्याच्याकडे बघत होत्या. मनात पुढचं वाक्य आयतं तयार होतं. ते चौतीस वर्षं तयारच होतं. फक्त आता त्याला धार आली होती. त्या शब्दानं माझी बढती गेली, साहेब. एवढं म्हटलं की पुरे. समोरचा माणूस आता अगदी वर येऊन पोचला होता, त्याला दार दिसत होतं, आणि या वेळी तो खरोखर पडला असता. कधीही न उठण्याइतका.

तो शब्द वाचून ‘पात्र नाही’ लिहिणाऱ्या घाटावरच्या त्या साहेबाचं नाव काय होतं? त्यांनी आठवून पाहिलं. एक न लागणारी सही, एवढंच आठवलं.

“ताई,” सावनीनं हळूच विचारलं, “तुम्हाला कुठलं बरे म्हणायचं होतं? तुमच्यावर आहे. तुम्ही सांगाल तसं.”

“त्यांच्याकडचं,” कमलाताई म्हणाल्या.

विमलाताईंनी सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. सावनीनं पटकन भागोजीरावांच्या कागदावर पाच लिहिलं आणि फासा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो लगेच उचलला नाही. आधी चिठ्ठीची मूळच्याच घडीवर घडी केली, ती शर्टाच्या खिशात घातली आणि खिसा वरून दाबला.

“एक विचारायचं राहिलंय बघा,” ते म्हणाले. “मी तिकडं मंडणगडात, कोण कळवणार. झालीच असणार म्हणून इतके दिवस विचारलं पण नाय. तुमची बढती कधी झाली हो?”

पेनाचं टोपण उघडंच राहिलं होतं. निबेखालच्या कोऱ्या कागदावर शाईचा ठिपका पसरत चालला होता. कमलाताईंनी टोपण घेतलं आणि ते बसवायला दोनदा प्रयत्न केला.

“त्याच साली, साहेब,” त्या म्हणाल्या. “पावसानं जोर धरायच्या आधी.”